तापलेला शाफ्ट

दोन वर्षं बाबांना धड झोप नव्हती. नोएडातल्या आमच्या फ्लॅटच्या गार फरशीवर ते अनवाणी उभे राहायचे आणि म्हणायचे, "फिरतंय अजून."

दिल्लीत यमुनेकाठच्या कोळशाच्या वीजकेंद्रात त्यांनी एकतीस वर्षं टर्बाइनवर काढली. केंद्र कायमचं बंद झालं त्या दिवशी ड्यूटीवर तेच होते. तापलेलं टर्बाइन एकदम थांबवत नाहीत, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. आतला शाफ्ट, म्हणजे आडवा पोलादी दांडा, थंड होईपर्यंत छोट्या मोटरने हळूहळू फिरवत ठेवायचा, नाहीतर तो स्वतःच्याच वजनाने वाकतो. त्या दिवशी ती मोटर सुरू ठेवून बाबा घरी आले. पुढे ती कोणी बंद केली, ते त्यांना कधीच कळलं नाही.

मी सॉफ्टवेअर तपासते. म्हटलं, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत. जानेवारीतल्या एका दुपारी त्यांना घेऊन गेले.

गेटवरच्या म्हाताऱ्या शंकरने त्यांना ओळखलं. "भालचंद्रजी, अंदर कुछ नहीं है. सब कबाड़ में गया."

खरंच काही नव्हतं. भला मोठा हॉल, फुटक्या काचांतून येणारं मऊ पिवळं ऊन आणि टर्बाइनच्या जागी काँक्रीटचे दोन चौथरे.

"बघा बाबा. नाहीये इथे."

मी उन्हात तरंगणारी धूळ बघत होते. हॉलभर ती वाटेल तशी भरकटत होती. चौथऱ्यांच्या मध्ये मात्र गोल फिरत होती, अगदी सावकाश, मध्ये झाडाच्या आडव्या बुंध्याएवढी पोकळी सोडून.

वारा असेल. मी हात पुढे केला.

काहीतरी गुळगुळीत, तेलकट, तळव्याखालून सरकत गेलं. सरकतच राहिलं.

"किती गरम आहे, कृतिका?" बाबांनी मागून विचारलं.

"कोमट." माझाच आवाज मला लांबून ऐकू आला.

"चटका बिलकूल नाही बसत?"

"नाही."

"मग आता थांबवायला हरकत नाही."

भिंतीवर वायरी तोडलेली एक पेटी होती. बाबांनी तिच्यावरचं बटण दाबलं.

धूळ सरळ खाली बसली.

गाडीत बसताच बाबांना झोप लागली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. मी हात पुसला आणि गाडी सुरू केली.

बाहेरच्या चौकात सिग्नल बंद होते. दुकानांत दिवे नव्हते. दिल्लीत वीज गेली की मिनिटभरात जनरेटर धडधडू लागतात. इथे एकही वाजत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं बाहेर येऊन उभी होती, दुकानदार, ऑफिसातल्या बायका, शाळेची मुलं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मी गाडी हळूहळू पुढे नेत होते, आणि त्या सगळ्यांच्या माना आमच्याबरोबर वळत होत्या.