तिकिटाआधीचा रस्ता

केतकीने लेकीच्या, ओवीच्या तळहातावर दही ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोन तिच्यासमोर धरला. पूर्वी घरातून निघणाऱ्याला दही पुरत असे, आता दह्याच्या जोडीला आकडाही लागे.

"विमान अर्धा कण, बस दोन कण," तिने वाचून दाखवलं. "नीघ आता. दिनेशकाका स्कूटर घेऊन थांबलेत."

दहा लाख माणसांनी एखादा प्रवास केला आणि त्यातलं एक अपघातात दगावलं, तर त्या प्रवासाची जोखीम एक कण. पाच वर्षांपूर्वी हा आकडा तिकिटावर यायला लागला आणि बघता बघता लोकांच्या तोंडी बसला. दारात पाहुणा आला की "किती कणांनी आलात?" म्हणून त्याची चेष्टा होई. खाडीकाठच्या कारवलीतले लोकही पुण्याला जायला वर सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या धावपट्टीकडे धावू लागले. तिथून छोटं विद्युत विमान सुटायचं. गावातून थेट जाणारी बस मात्र जवळजवळ रिकामी पळायची.

ओवीची आत्या मैथिली ओटीवर बसून हे पाहत होती. कण ही तिच्याच डोक्यातली कल्पना. पुण्याच्या ज्या कक्षात हा आकडा काढला जाई, त्याची ती प्रमुख होती. तिचा भाऊ हृषीकेश, केतकीचा नवरा, जाऊन दीड महिना झाला होता. तो पुण्याला मैथिलीकडेच निघाला होता. विमान गाठायला दुचाकीवरून सड्याची चढण चढताना वळणावर ट्रकखाली सापडला.

"आपण काही चूक केली नाही गं," केतकी दीड महिना येईल-जाईल त्याला सांगत होती. "सगळ्यात कमी आकड्याने पाठवलं होतं मी त्याला. नशिबापुढे काय करणार?" तेवढ्या एका आधारावर ती सकाळी उठत होती, भात शिजवत होती, लेकीला पुन्हा पुण्याच्या कॉलेजला धाडत होती. मैथिलीला हे दिसत होतं, म्हणूनच चार दिवस ती मूग गिळून बसली होती. सांगायला आली होती आणि जीभ रेटत नव्हती.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. ओवीने पाठीवर सॅक चढवली.

"ओवी, बसने जा," मैथिली म्हणाली.

"बसने?" केतकी वळली. "चौपट जोखीम आहे तिच्यात. तुझाच तर आकडा आहे."

"आकडा विमानाचा आहे, वहिनी. घरापासून विमानापर्यंतचा नाही."

केतकीला कळेना. मैथिलीने खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. आकडा ठरवताना प्रवास कुठून धरायचा यावर समितीत वाद झाला होता. तिकीट जिथे तपासलं जातं तिथून धरू, तिथूनच नोंदी मिळतात, असं मैथिलीने सुचवलं आणि सगळ्यांना ते पटलं. स्वतःच्या दुचाकीला तिकीट नाही, म्हणून तिला आकडाही नाही. बस गावातल्या नाक्यावरूनच सुटते. विमानासाठी तीस किलोमीटर चढण चढावी लागते, तीही दुचाकीवर.

"हृषीदादाची नोंद रस्ता अपघातात झाली. विमानाच्या खात्यावर काहीच चढलं नाही. ते मी वाचलं. मग मी शोधत गेले. ज्या दिवशी कुणाचं विमानाचं तिकीट वापरलं गेलं नाही, त्या दिवशी तो माणूस रस्त्यावर दगावला का, हे ताडून पाहिलं. असे खूप निघाले."

"आणि सगळं मिळून?" ओवीने विचारलं. "घरापासून?"

"विमानाने जायचं तर सात कणांच्या वर. बसने दोनच."

केतकीने दह्याची वाटी कट्ट्यावर ठेवली. मग ओटीच्या कडेला जाऊन ती दिनेशला शांतपणे म्हणाली, "भावोजी, तुम्ही जा. ती बसने जातेय." ओवीच्या केसांवरून तिने हात फिरवला आणि तिला नाक्याकडे पाठवलं. लेक वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली.

मैथिलीला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण केतकी येऊन तिच्या शेजारी बसली.

"त्या दिवशी हृषी बसनेच चालला होता," ती म्हणाली. "नाक्यापर्यंत पोचलासुद्धा होता. मी मागून पळत गेले. फोन दाखवला. म्हटलं, उगाच कशाला जिवाशी खेळतोस? तो हसला आणि माझं ऐकून परत आला."

"वहिनी, चूक माझी आहे. तुझी नाही."

"असेल. पण परत मी आणलं त्याला."

मैथिलीने तिचा हात धरला. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. दुःख मोजायला तिने कधी काही शोधलं नव्हतं.

नाक्यावर बस थांबल्याचा आणि पुन्हा निघाल्याचा आवाज आला.

"नवा आकडा आता सगळ्यांना दाखवणार ना?" केतकीने विचारलं.

"सोमवारपासून. घरापासून घरापर्यंतचा."

"दाखवायलाच हवा. पोरं वाचतील." केतकीने पदराने डोळे पुसले. "पण तू शोधलेस ते बाकीचे लोक. त्यांनाही कुणीतरी नाक्यावरून परत आणलं असेल. कुणाची आई, कुणाचा मुलगा. आकडा कमी होता, एवढ्याच आधारावर ती परत आणणारी माणसंही माझ्यासारखीच कशीबशी उभी असतील. सोमवारी नवा आकडा बघतील तेव्हा त्यांच्या शेजारी कोण बसलेलं असेल, मैथिली?"