तीन रेघांची माशी

"अहो, ते टाकू नका! मला द्या!"

उत्कर्षाने वळून पाहिलं. सकाळचे आठ वाजले होते, मार्केट यार्डातल्या त्या गाळ्यासमोर गर्दी जमली होती, आणि चष्मा लावलेला एक तरुण तिच्या किडक्या खरबुजासाठी दोन्ही हात पुढे करून उभा होता.

आधीच तिच्या डोक्यात आग पेटलेली. आडते रंगरावांनी आत्ताच तिच्या क्रेटमधलं एक खरबूज उचलून सुरीने चिरलं होतं. बाहेरून कसं गोमटं, आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दुसरं चिरलं, तेच. तिसरं, तेच.

"ताई," रंगराव सुरी पुसत म्हणाले होते, "हा फळांचा गाळा आहे. प्राणिसंग्रहालय कात्रजला."

गर्दी खदाखदा हसली होती.

"तुम्हाला कशाला हवंय?" उत्कर्षा त्या तरुणावर खेकसली.

"आतल्या अळ्या जिवंत आहेत ना… म्हणून." तो गडबडला. "मी राजस. फळमाशीवर पीएच.डी. करतोय."

"वा! माझं पीक जाणार आणि तुम्ही डॉक्टर होणार!"

त्याचे कान लाल झाले. पण तो गेला नाही. खरबूज तिच्यासमोर धरून त्याने सालीवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. सुईने टोचल्यासारखा ठिपका. "मादी इथून साल टोचते आणि आत अंडी घालते. हे काढणीच्या वेळी कुणाला दिसणार? तुम्ही फसवायला आणलेला माल नाही हा." शेवटचं वाक्य तो रंगरावांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला.

सकाळपासून तिच्या बाजूने बोललेला तो पहिला माणूस होता. उत्कर्षाला त्याचाही रागच आला… पण जरा कमी.

"सापळे नव्हते लावले?" त्याने विचारलं.

"बारा लावलेत. रोज माश्यांनी भरतात!"

"भरतात?" तो थबकला. "मग असं व्हायला नको. उद्या येऊन बघू का?"

पुण्याजवळच्या मांजरी गावात उत्कर्षाच्या घरची दीड एकर जमीन उरली होती. आजूबाजूला सगळीकडे इमारती उठल्या होत्या. वडील गेल्यावर चुलत्यांनी एकच धोशा लावला होता, बिल्डरला देऊन टाका. उत्कर्षाने हडपसरच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून खरबूज लावलं. आता पहिला प्लॉट हातचा गेला होता. दुसरा महिनाभराने काढणीला येणार होता. तोही गेला तर काय होणार, हे कुणी तिला सांगायची गरज नव्हती.

"हा पोरगा काय करनार हाय?" राजस सांगितल्याप्रमाणे आला तेव्हा आई प्रेमलाने दारातूनच विचारलं.

"माश्या मोजणार आहे," उत्कर्षा म्हणाली.

राजसने सापळा उघडून माश्या तळहातावर ओतल्या. एकेक बोटाने उलटवून पाहिली. मग सापळ्यातली वासाची वडी काढली, कोपऱ्यात पडलेलं तिचं पाकीट उचललं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"काय झालं?"

"या… या तुमच्या माश्याच नाहीत." त्याने एक माशी पुढे केली. "हिच्या पाठीवर दोन पिवळ्या रेघा आहेत. ही आंब्या-पेरूवरची. खरबुजाच्या माशीला तीन रेघा असतात आणि पंखांवर तपकिरी डाग. ही वडी आंब्याच्या माशीसाठीची आहे. खरबुजाची माशी या वासाकडे फिरकतसुद्धा नाही."

उत्कर्षाने पाकीट हिसकावून घेतलं. 'आंबा, पेरू, खरबूज, काकडी, सर्व पिकांसाठी!' ठळक अक्षरांत छापलं होतं. म्हणजे दोन महिने ती बांधावरच्या पेरूच्या माश्या पकडत होती, आणि खरबुजाची माशी शेजारून डुलत जाऊन तिच्या फळात अंडी घालत होती!

"सर्व पिकांसाठी!" ती ओरडली. "यांना लाज कशी वाटत नाही?"

राजस पाठमोरा होऊन सापळा परत बांधू लागला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी यायला लागला. बरोबर वड्या आणल्या. किडलेलं प्रत्येक फळ वेचायला लावलं, दोन फूट खड्डा करून पुरायला लावलं.

"उकिरड्यावर टाकलं तर काय बिघडतं?" ती घाम पुसत विचारायची.

"अळी फळातून मातीत उतरते, कोष करते, आणि आठ-दहा दिवसांत माशी होऊन परत तुमच्याकडेच."

"चिवट आहे."

"तुमच्यासारखी," तो म्हणाला, आणि लगेच खाली वाकून वेल बघू लागला.

कोवळ्या फळांना कागदी पिशव्या बांधताना एकाच वेलीवर दोघांचे हात यायचे… मग उगाच दोघेही एकदम मागे व्हायचे. पिकत्या खरबुजाचा गोड वास उन्हाबरोबर वर चढायचा. सापळ्यात आता तीन रेघांच्या माश्या पडू लागल्या होत्या.

"सगळे नरच आहेत," राजसने सांगितलं. "या वासाला फक्त नर भुलतो. मादी येत नाही."

"हुशार आहे."

"नर कमी झाले की तिला जोडीदार मिळत नाही. मग अंडी फुकट."

"बिचारी," उत्कर्षा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "धड एकसुद्धा मिळू नये तिला?"

तो हसला. तीही हसली. मग जेवणाच्या वेळी आईने न विचारता तिसरं ताट वाढलं.

नवव्या दिवशी उत्कर्षा ते पाकीट घेऊन मार्केट यार्डामागच्या, जिथून वड्या घेतल्या होत्या त्या शेती-औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार यज्ञेश्वरशेठ शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्यावर कशाला ओरडता? तज्ज्ञांची शिफारस आहे." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर हातभर पोस्टर होतं. त्यात हसणारा फोटो राजसचा होता. खाली त्याची सही.

ती घरी कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. राजस बांधावर पिशव्या मोजत होता.

"तुमचा फोटो छान आलाय," ती म्हणाली.

त्याच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. "उत्कर्षा… दोन वर्षांपूर्वी मी त्या दुकानदाराच्या कार्यक्रमात आंब्याच्या माशीवर व्याख्यान दिलं होतं. त्यांनी एका कागदावर सही मागितली, मी वाचलं नाही. त्याचं त्यांनी हे केलं. मला माहीत नव्हतं."

"कधी कळलं?"

तो खाली वाकून पिशव्या गोळा करू लागला.

"कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. ते पाकीट बघून… त्यावर मागे माझं नाव आहे, बारीक अक्षरात."

"आणि आठ दिवस तुम्ही माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्ली!" तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. "मी त्या दुकानदाराला शिव्या घालत होते, तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात! गावातल्या अकरा जणांनी हीच वडी घेतलीय. त्यांना कोण सांगणार होतं? निघा. आत्ता निघा!"

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिसरं ताट मांडून परत उचललं, ते उत्कर्षाने पाहिलं.

त्याच दिवशी मांजरीच्या सहा शेतकऱ्यांना घेऊन ती दुकानात धडकली. आत आधीच आरडाओरडा चालला होता. राजस स्टुलावर चढून पोस्टर टराटरा फाडत होता आणि यज्ञेश्वरशेठ खाली उभे राहून ओरडत होते, "मी तुमच्या गाइडना कळवीन! पीएच.डी. संपली समजा!"

"मीच कळवलंय. सकाळी, लेखी," राजस म्हणाला. मग त्याने दारातल्या शेतकऱ्यांकडे पाहिलं. "फोटो माझा आहे. सही माझी आहे. ही वडी खरबुजाला चालत नाही, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी घाबरलो. चूक माझी."

उत्कर्षाने सगळी पाकिटं शेठच्या टेबलावर आपटली. "आणि ही तुमची! कृषी खात्याचे निरीक्षक दुपारी येतायत, त्यांना समजावून सांगा सर्व पिकांचं!"

दुकानातला तो माल निरीक्षकांनी सील केला. राजसची पीएच.डी. त्याच्या गाइडनी सहा महिने लांबवली. तो तक्रार न करता बरोबर वड्या घेऊन मांजरीत घरोघर फिरला, दारात उभा राहून बोलणी ऐकली. उत्कर्षा त्याच्यासोबत हिंडली.

"लोक तुम्हाला मारतील म्हणून येतेय," ती म्हणाली. "दुसरं काही समजू नका."

"नाही समजत," तो म्हणाला.

दुसरा प्लॉट एप्रिलच्या शेवटी निघाला. शंभरात चार-पाच फळं किडली, बाकी लख्ख. चुलते येऊन फळं उलटीपालटी करून बघून गेले. बिल्डरचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या संध्याकाळी रिकाम्या वेलींच्या कडेला राजस बराच वेळ घुटमळत राहिला. "आता काम संपलं," तो म्हणाला. "यायला कारण उरलं नाही. म्हणून सांगूनच टाकतो… मला तुम्ही आवडता. फार. तुमचा राग गेला नसेल, तर मी समजू शकतो."

"नाहीच गेलाय." उत्कर्षा त्याच्याकडे सरळ बघत होती. "रोज सकाळी उठले की येतो. तुम्ही दिसलात की येतो. आणि ज्या दिवशी दिसत नाही ना… त्या दिवशी सगळ्यात जास्त येतो. काय करू मी त्याचं?"

राजस एक पाऊल पुढे आला, आणि या वेळी दोघांपैकी कुणीच मागे झालं नाही.

"काही करू नकोस," शेवटी तो हळूच म्हणाला. "मी रोज येतो."