श्रावणातला माशाचा वास

आमच्या घरात मेलेल्या माशाचा वास येत होता, आणि टाकीतले अकराच्या अकरा मासे जिवंत होते. मी तीनदा मोजले. श्रावण असल्यामुळे स्वयंपाकघरात मासळीचं नावही नव्हतं. तरी रोज दुपारी टाकीचा दिवा लागला की तासाभराने वास यायचाच.

त्याहून विचित्र वागत होता माझा तान्हा भाऊ, मिहीर. टाकीचा निळा उजेड बघत तो पाळण्यात छान झोपायचा. हल्ली मात्र तो टाकीखालच्या अंधाऱ्या कपाटाकडे टक लावून बघायचा. कान दिला तर तिथून बारीक सुर्र... असं काहीतरी ऐकू यायचं. मला तिकडे जायची भीती वाटायला लागली होती.

"एखादा मासा दगडाखाली कुजला असेल, केतकी," आई म्हणाली. "रविवारी देऊन टाकू ही टाकी." तोवर तिने टाकीपाशी उदबत्ती लावायला सुरुवात केली. एक पुरेना, म्हणून दोन. मग चार.

शनिवारी दुपारी सुधाआत्या आली. ती चंद्रावरच्या वसाहतीत विजेचं काम बघते आणि दोन वर्षांनी सुट्टीवर आली होती. दारातच ती थबकली.

"वहिनी, इतक्या उदबत्त्या कशाला?"

"माशाचा वास येतो हो, ताई. रोज येतो."

"सोमवारी नव्हता आला," मी म्हणाले. "त्या दिवशी वीजच नव्हती."

आत्याचा चेहरा एकदम बदलला. "वहिनी, मिहीरला बाहेर ने, आधी!" ती ओरडली, आणि धावत जाऊन तिने घराची मुख्य कळ बंद केली. निळा दिवा विझला. पंखा थांबला. कपाटातली सुरसूरही थांबली. म्हणजे तो मला झालेला भास नव्हता!

आत्याने बॅटरीच्या उजेडात कपाट उघडलं. टाकीच्या काठावरून दिव्याची वायर सरळ खाली प्लगात गेली होती. प्लगवर पांढरं मीठ साचलं होतं आणि त्याखाली सगळं काळं पडलं होतं.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "टाकीतलं पाणी समुद्राचं. वायरीवरून थेंब ओघळतो, वाळतो, मीठ मागे ठेवतो. ओलसर मीठ विद्युतवाहक (वीज वाहून नेणारं) असतं. त्यावरून थोडी वीज सरपटते, त्याला तापवते, प्लास्टिकचा कोळसा करते. कोळशावरून आणखी वीज जाते. शेवटी प्लग पेट घेतो."

"मग ब्रेकर (जास्त वीज वाहिली की आपोआप बंद होणारी कळ) का नाही पडला?"

"जास्त वाहतच नव्हती ना! चोरपावलांनी चालली होती."

"आणि मासा?"

"मासा कुठला? सॉकेटमधली काही प्लास्टिकं तापली की त्यांना थेट माशासारखा वास येतो. चंद्रावर खिडकी उघडता येत नाही, केतू. तिथे वास आला तर आम्ही तो झाकत नाही, शोधतो."

आई मिहीरला घट्ट धरून दारात उभी होती. "पाळणा इथेच होता हो," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मलाही रडू आलं.

टाकी राहिली. वायरमनने नवा बोर्ड बाजूच्या भिंतीवर उंच बसवला. वायरीला आत्याने झोळ (सॉकेटच्या खाली लोंबणारा वाक) ठेवायला लावला. आता थेंब झोळाच्या तळाशी येतो आणि खाली पडतो. वर चढून प्लगात जाणं त्याला जमत नाही. शिवाय टाकीत हात घालण्याआधी मी कळ बंद करते. मोठेपणी मला असले वास ओळखणारं यंत्र बनवायचंय. आत्या म्हणते, पहिलं चंद्रावर लावू.

गणपती गेल्यावर आईने सुरमई तळली. घरभर वास सुटला. मी ताटावरून उठले, तर आई गॅस बंद करून माझ्याआधीच टाकीपाशी पोचली होती. आम्ही दोघींनी बोर्ड नीट पाहिला. कोरडा होता, स्वच्छ होता, कान दिला तरी गप्प होता.

मग आम्ही जेवायला बसलो.