'झालं' म्हणणारा

हे लिहावं की नको, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. लोक हसतील. पण माझी भाची थापा मारणारी नाही, आणि जे घडलं ते भर दुपारी घडलंय.

रविवार होता. इस्पितळाच्या तळघरातली संगणकांची खोली, भाची तिथेच कामाला. वर आजारी माणसं, खाली त्यांच्या नोंदी.

आग लागली, पाणी शिरलं, तर सगळं पुन्हा कसं उभं करायचं, याची पुस्तिका भाचीने लिहिली होती. तिच्यातल्या पायऱ्या एकदा करून पाहायच्या होत्या. एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती करून "झालं" म्हणायचं, अशी रीत.

तिचा कामातला जोडीदार तापाने पडलेला.

साहेब फोनवर म्हणाले, "उद्या तपासणी आहे बाई. सगळं करून पाहिलं अशी सही ठोक आणि मोकळी हो."

"आधी करीन, मग सही."

ती एकटीच बसली. आपणच वाचायचं, आपणच करायचं.

"राखीव यंत्र सुरू करा." तिने केलं.

"झालं..."

मागून.

वळून पाहिलं. रिकामी खुर्ची.

तिने पुढची पायरी वाचली. हात अजून कळफलकावर पोचलाही नव्हता...

"झालं."

आता अगदी कानाशी. कंटाळलेला आवाज.

 पण ती मुळात हट्टी. शेवटची पायरी तिने मुद्दाम चढ्या आवाजात वाचली.

"साठवलेल्या प्रतीवरून रुग्णांच्या नोंदी परत आणा."

"झालं."

"काय झालं? दाखव."



यंत्रांची घरघर क्षणभर थांबली.

तिने स्वतः प्रत उघडली. आत एकही नोंद नव्हती.

तिने साहेबांना फोन लावला. "प्रत कोरी आहे. मी सही करणार नाही."

"थट्टा करतेस का? आत्ताच तर तुझा फोन आला. सगळं झालं म्हणालीस."

"मी नव्हते ती. आता माझाही फोन आला तरी खरं धरू नका. इथे येऊन बघा."

साहेब आले. मुख्य यंत्रावरून नवी प्रत काढली. भाची वाचायची, साहेब करायचे.

शेवटच्या पायरीला "झालं" दोनदा ऐकू आलं...

साहेबांचे ओठ एकदाच हलले होते.

"दोघांनीही दाखवा," भाची म्हणाली. नोंदी पडद्यावर उतरल्या, तेव्हाच तिने सही केली.

मी तिला म्हटलं, "सोड ती नोकरी."

"मी का सोडू, मामा? त्याने सोडावी."

ती हसते. मला हसू येत नाही.