दहा मिनिटं ओलं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावशीला थापा मारायला वेळच नसतो.

सगळं हॉस्पिटल तिला मावशी म्हणतं, माझी मात्र ती सख्खी. एकोणीस वर्षं पेशंटच्या खोल्या साफ करते. घडलं ते भरदुपारी, सव्वादोन वाजता, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत.

पण आधी घड्याळवालीबद्दल सांगायला हवं.

ती मावशीची जोडीदारीण. जंतू मारायचं औषध पलंगावर फिरवलं की ते दहा मिनिटं ओलं राहायला हवं, तरच जंतू मरतात. ती घड्याळ बघत दारात उभी राहायची आणि डॉक्टरांनाही आत सोडायची नाही. म्हणून घड्याळवाली.

त्या दुपारच्या चार महिने आधी त्याच खोलीत तिचा हातमोजा अंगठ्याजवळ फाटला. तिने सुपरवायझरकडे दुसरी जोडी मागितली.

"एवढ्यानं कोणी मरत नाही," तो म्हणाला.

ती मेली. लागण झाली आणि अकराव्या दिवशी गेली. सुपरवायझर तिच्या घरी येऊन डोळे पुसून गेला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती गप्प बसली. पोटाचा प्रश्न होता.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतला पेशंट हलवला. त्याची जखम अशी चिघळली होती की कुठलंच औषध लागू पडेना. मावशीने एकटीने खोली पुसली, पलंगावर औषध फिरवलं. बाहेर स्ट्रेचरवर सात वर्षांची मुलगी होती. पोटावर ताजे टाके. बाप तिचा हात धरून उभा.

"मावशी, पलंग द्या लवकर," सुपरवायझर दारातून म्हणाला.

"दहा मिनिटं तरी..."

"आता तुम्ही पण सुरू झालात? फॅन लावा, दोन मिनिटांत वाळेल."

मावशीने फॅन लावला. हे ती आजही मान खाली घालून सांगते.

पलंग वाळत आला, तेवढ्यात...

टक.

फॅन बंद झाला.

तिने पुन्हा लावला.

टक...

बटणाजवळ कोणीच नव्हतं.

आणि वाळलेला पलंग पुन्हा ओला होऊ लागला... उशाकडून पायाकडे, सरळ पट्ट्यांनी, एकदाही मागे न वळता.

घड्याळवाली असंच पुसायची.

मावशी भिंतीला चिकटली.

"काय चाललंय इथे?" सुपरवायझर आत आला. त्याने कोरडं फडकं उचललं आणि स्वतःच पलंग पुसायला घेतला.

मग त्याचा हात थांबला.

पलंगावर टेकलेला तो हात त्याला उचलताच येईना. दुसऱ्या हाताने ओढून पाहिलं. कपाळावर घाम आला.

"सोड," तो म्हणाला. मावशीकडे बघून नाही...

मावशी मदतीला गेली नाही. खरं तर तिला बरं वाटलं. घड्याळवाली अकरा दिवस तळमळत होती, तेव्हा हा कुठे होता?

मुलीचा बाप दाराशी आला. मावशीने घड्याळ पाहिलं.

"अजून सहा मिनिटं," ती म्हणाली. "आत यायचं नाही."

बरोबर दहाव्या मिनिटाला हात सुटला. सुपरवायझर भिंतीचा आधार घेत बाहेर गेला. पलंग आपोआप कोरडा झाला होता.

मुलगी पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली.

"तिचा राग एकट्या सुपरवायझरवर नव्हता," मावशी म्हणते. "फॅन मी लावला होता."

त्या दिवसापासून, त्या खोलीत शिरलं की तिचा हातमोजा फाटतो. नव्या खोक्यातला, अंगठ्याजवळच... रोज.

ती रोज जाऊन दुसरी जोडी मागते.

सुपरवायझर मान वर न करता देतो.