शेवटच्या पोत्यामागून

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे. मधे कुणी फिदीफिदी केलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन.

चारुदत्त माझा ऑफिसातला मित्र, थापा मारणाऱ्यातला नव्हे. सत्त्याऐंशी साली त्याची बदली चंदीगडला झाली. बत्तीस सेक्टरात वरचा मजला भाड्यानं मिळाला. बाहेर दहशतीचे दिवस, दिवेलागणीला दारं बंद. आत मे महिन्याची भट्टी. त्याची लेक रागिणी जेमतेम पालथी पडायला लागलेली, उष्म्यानं पोरीचं अंग पुरळांनी भरलं होतं. ऊन अडवायला गच्चीवर घातलेला माती-भुशाचा जुना थर पार निकामी झाला होता. तो उकरून काढायचा, थर्माकोल बसवायचं आणि वर सिमेंट, असं ठरलं.

घरमालकीण बीजी खालीच राहायच्या. परवानगी दिली, पण चेहरा उतरला. "पिछली सर्दियों में एक लड़का भागता हुआ ऊपर चढ़ा था. गोली वहीं लगी. किसकी, किसी ने नहीं पूछा. हमने खून पर और मिट्टी डाल दी." मग त्याचा हात धरून म्हणाल्या, "मिट्टी के साथ वो भी चला जाएगा, बेटा. आखिरी बोरी उतरे तो पीछे से कोई आवाज़ न दे."

चारुदत्तनं मान डोलावली आणि बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. लहान मूल घरात, उगाच घाबरेल म्हणे. शहाणा!

बुद्धपौर्णिमेचा दिवस. सकाळी शेवटचं पोतं खाली गेलं. मजुरांच्या मागून आणखी एक जण उतरला. हात रिकामे. भर उन्हाळ्यात तोंडावर चादर ओढलेली. शालिनी, चारुदत्तची बायको, दारात उभी होती. जाणाऱ्याला आपण काय म्हणतो? तोंडातली सवय. ती म्हणाली, "या हं."

तो थांबला. वळला. आणि पुन्हा जिना चढून वर गेला.

तिला वाटलं, काही विसरला असेल. संध्याकाळपर्यंत थर्माकोल बसलं, वर ओलं सिमेंट पसरलं. चारुदत्तनं गच्चीच्या दाराला आतून कुलूप घातलं. जेवताना तिनं सहज त्या चादरवाल्याचं सांगितलं. चारुदत्तनं ताट बाजूला सारलं. मग त्यानं बीजींचं बोलणं तिला सांगितलं. उशिरा सुचलेलं शहाणपण.

रात्री वीज गेली. वर पावलं वाजली... ओल्या सिमेंटातून. चप्... चप्... पाळण्याच्या बरोबर वर येऊन थांबली.

शालिनीनं पाळण्यात हात घातला. दुपटं गरम होतं.

रागिणी नव्हती.

चारुदत्त जिन्याकडे धावला. कुलूप तसंच. किल्ली हातातून निसटली... अंधारात सापडेना. वर पावलं पुन्हा निघाली. कठड्याकडे...

तेव्हा शालिनी छताकडे बघून ओरडली. उंबऱ्यावर उभं राहून जन्मात कुणाला म्हटला नव्हता तो शब्द. "जा! मी बोलावलं, मीच सांगते, जा! एकटा जा!"

...

काही नाही.

मग पाळण्यातून रडणं.

सकाळी गच्ची उघडली. सिमेंट वाळलं होतं. त्यात मोठी पावलं उमटलेली, थेट कठड्यापर्यंत. पुढे काही नाही. आणि त्यांच्या शेजारून इवली पावलं, बोटभर लांबीची. ती कठड्यापाशी वळून एकटीच परत आली होती.

रागिणी चालायला लागली ती पुढच्या वर्षी.