उघाडीची फळी

"वैनी, पाया पडतो तुझ्या... एवढी एक सही!"

हरेश्वर खरंच वाकला, आणि मथुराने पाय असे झटकन मागे ओढले की विळीवरचा बोंबील मातीत पडला. नऊ वर्षं ती या क्षणाची वाट पाहत होती... या दिराला आपल्या झोपडीच्या दारात, कागद हातात धरून गयावया करताना पाहण्याची! तिच्या अंतःकरणात एक क्रूर आनंद उसळला, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. का वाटावी?

कागद सरकारचा होता. बोरिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून चाळीस घरांची भातशेती होती आणि समुद्राचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध ठिकठिकाणी खचला होता. सरकार तो दगड घालून पक्का करून देणार होतं. गावाने फक्त अंगमेहनत द्यायची. अट एकच, की बांध ज्यांच्या जमिनीतून जातो त्या प्रत्येकाची संमती हवी. एकानेही नाही म्हटलं तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार! आणि पावसाचं पाणी खाडीत सोडायची उघाडी, म्हणजे बांधाचं फळ्यांचं दार, नेमकं मथुराच्या मेलेल्या नवऱ्याच्या हिश्शात येत होतं. या कामासाठी वर्षभर कचेरीचे उंबरे झिजवले होते ते पंच हरेश्वरने.

"नाय देत," मथुरा म्हणाली. "येऊ दे दर्या. पयला तुझ्या शेतात शिरेल."

"अख्ख्या गावाची वाट लागेल गो!"

"गावाने माझी वाट लावली, तवा तू कुठं होतास?"

कुठे होता! त्या भाद्रपदात उघाडीची फळी काढून, ओहोटीच्या वाहत्या पाण्याला जाळं लावून कोळंबी धरायला हाच तर बसला होता. जाळं मथुराचं, न विचारता नेलेलं. कोळंबी मिळाली, कुणीतरी बाटली आणली, आणि स्वारी बांधावरच आडवी झाली. फळी काढलेलीच! अमावास्येचं उधाण त्या दारातून आत घुसलं, अर्धा बांध घेऊन गेलं, आणि पोटरीला आलेलं भात उभ्याउभ्या मिठात मेलं. गाव खवळलं. जाळं कुणाचं ते ओळखलं गेलं. तेव्हा सासूने, पुतळाबाईने, घरात मथुरापुढे पदर पसरला, "त्याचं लगीन ठरलंय, बाय. आळ तू घे. बाईमाणसाला कोण मारणार नाय. रामचंद्राची शपथ हाय तुला, कोणाला बोललीस तर त्याचं बरंवाईट होईल!"

नवऱ्याच्या जिवाची शपथ! मथुराने ओठ शिवून घेतले. रामचंद्राने एकदाच विचारलं, "फळी तू काढलीस?" तिने मान खाली घातली... आणि त्या दिवसापासून तो तिच्या हातचं जेवला, पण तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. पाच वर्षं! मग काविळीने तो गेला. शपथ पाळूनही गेला! तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हरेश्वरने तिचं बोचकं ओटीवर आणून ठेवलं आणि चारचौघांत म्हणाला, "गावाचं भात बुडवणारीच्या हातचं पाणी या घरात नको." म्हणताना त्याची नजर जमिनीवर होती, एवढंच.

असल्या माणसाला सही द्यायची? हट्!

चौथ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात ओव्हरसियरसाहेब नोंदवही उघडून बसले. सगळ्यांच्या सह्या, अंगठे झाले. "मथुरा रामचंद्र?" त्यांनी पुकारा केला.

ती उभी राहिली. "सही देते, साहेब. पण आधी या हरेश्वरनं सांगावं, फळी कोणी काढली होती."

"मथुरे, नको गो..." पुतळाबाई कळवळली.

"आये, ज्याच्या जिवाची शपथ होती तो जीवच गेला! आता कोणाला भिऊ?"

हरेश्वरने आईकडे पाहिलं, आपल्या बायकोकडे, कमळकडे पाहिलं. मग त्याचे ओठ हलले. "मी... मी काढली."

मंडपात गलका उठला. कमळने तोंडात पदर कोंबला. हे शब्द ऐकले की जिवाची आग शांत होईल असं मथुराला नऊ वर्षं वाटत आलं होतं... कुठली शांत! उलट ती अधिकच भडकली.

"मना नको सांगू. गावालाही नको. ज्याला सांगायला पायजे होतं, त्याला सांग. चल!"

ती पुढे, मान खाली घातलेला हरेश्वर मागे, त्यामागे सारा गाव, आणि वही काखेत मारून ओव्हरसियरसाहेबही. बांधाच्या कडेला मसणवट होती. रामचंद्राला जिथे अग्नी दिला त्या जागी ती थांबली. हरेश्वर काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"दादूस!" त्याचा आवाज फाटला. "फळी मी काढली... वैनीनं नाय! तू तिच्याशी बोलला नायस, तो माझ्यापायी... माझ्यापायी रे!" आणि तो धाय मोकलून रडत गुडघ्यांवर कोसळला.

मथुराच्या डोळ्यांना नऊ वर्षांत पहिल्यांदाच धार लागली. तिने त्या रित्या जमिनीकडे पाहत हात जोडले, "ऐकलंत का? मी नव्हते हो... आता तरी बोला माझ्याशी!"

कोण बोलणार? खाडीवरचा वारा वाहत राहिला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, साहेबांकडून वही घेतली आणि सही केली.

"माफ कर, वैनी... घरी चल," हरेश्वर म्हणाला.

"घरी येईन. घर माझ्या नवऱ्याचं हाय. रांधीन, वाढीन, तुझ्या पोरांना न्हाऊ घालीन. पण माफ नाय केलं. पाच वर्षं तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाय. बघ कसं वाटतं ते!"

दिवाळीनंतर बांधाचं काम लागलं. घरटी एक माणूस द्यायचं ठरलं होतं; हरेश्वरच्या घरातून दोन आली. दगडांचं घमेलं डोक्यावर घेऊन मथुरा बांध चढत होती. तिचा पाय घसरला तसा तो धावला, "वैनी, दे इकडं, जड हाय."

तिने घमेलं त्याच्या हातात दिलं, आणि काही न बोलता दुसरं आणायला वळली.